घडीच्या सायकलचं हँडल : सरळ, उंच, मागे वळलेलं की दुमडणारं?

घडीची सायकल घेतली की थोड्याच महिन्यांत हँडल बदलावंसं वाटायला लागतं. कुणाची मनगटं दुखतात, तर कुणाला समोरून वारा आला की सायकल पुढे सरकत नाही असं वाटतं. मग दुकानाच्या भिंतीवर टांगलेलं एमटीबीचं, म्हणजे माउंटन बाइकचं, रुंद हँडल बसवून घेतलं जातं आणि घरी आल्यावर कळतं की सायकलची घडीच होत नाही. ब्रेक लिव्हर चाकात अडकतो, नाहीतर हँडलचं टोक जमिनीला टेकतं.

हे परीक्षण सहज मिळणाऱ्या सहा प्रकारच्या हँडलांचं आहे. समोर धरली आहे ती २० इंची चाकाची, टायरवर ४०६ हा आकडा असलेली नेहमीची घडीची सायकल. ब्रॉम्प्टन कंपनीच्या १६ इंची घडीच्या सायकलचं गणित वेगळं आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. वापर धरला आहे तो आपल्याकडचा : जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारसारख्या गावांत रोजचं ये-जा, मधूनच रेल्वे किंवा एसटीत सायकल टाकणं, आणि रविवारी वीस-तीस किलोमीटरची चक्कर.

निकाल आधीच सांगून टाकतो. मधोमध २५.४ मिमी जाडीचं, ५४० ते ५६० मिमी रुंद, टोकं किंचित मागे वळलेलं ॲल्युमिनियमचं हँडल घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या ग्रिपवर खर्च करा. बाकी प्रकारांची खरी गरज फार थोड्यांना असते.

दांडा लांब आहे हे विसरू नका

साध्या सायकलीत हँडल धरणारा स्टेम आखूड असतो आणि फ्रेमला जवळच असतो. घडीच्या सायकलीत त्याच जागी ३० ते ४० सेंटिमीटर लांबीचा उभा दांडा असतो आणि त्याच्या बुडाशी बिजागरी. हँडलवर टाकलेला सगळा जोर या दांड्यातून बिजागरीवर येतो. हँडल जितकं रुंद, तितकी पिळण्याची तरफ लांब. ६५० मिमीचं हँडल बसवून चढावर उभं राहून ओढाओढ केली की आधी करकर ऐकू येते, मग दांडा पुढेमागे हलायला लागतो. करकर हँडलमधून येतेय असं वाटतं, पण पुष्कळदा ती बुडाच्या बिजागरीची असते.

उलट बाजूही आहे. लहान चाकाची सायकल हाताच्या जराशा हालचालीनेही वळते. त्यामुळे ४८० मिमीचं अरुंद हँडल लावलं तर ती जास्तच चुळबुळी वाटते, विशेषतः एका हाताने वळण्याचा इशारा देताना. म्हणून ५४० ते ५६०. खांदे रुंद असतील तर ५८० पर्यंत जावं, पण घडी तपासून.

विकत घेण्याआधी व्हर्नियर

हँडलच्या जाडीत सगळ्यात जास्त चुका होतात. मधला भाग, जिथे क्लॅम्प धरतो, तो वेगवेगळ्या जाडीचा मिळतो : २२.२, २५.४, २६.० आणि ३१.८ मिमी. ग्रिप आणि ब्रेक लिव्हर बसतात तो टोकाकडचा भाग सरळ हँडलात २२.२ मिमी असतो. ड्रॉप हँडलात, म्हणजे शर्यतीच्या सायकलच्या खाली वळलेल्या हँडलात, तो २३.८ मिमी असतो, म्हणून सरळ हँडलाचे लिव्हर आणि गिअरचे शिफ्टर ड्रॉप हँडलावर चढत नाहीत.

घडीच्या सायकलींत मधला भाग बहुतेक वेळा २५.४ असतो, पण नजरेवर विसंबू नका, बारीक जाडी मोजणाऱ्या व्हर्नियरने मोजा. २५.४ आणि २६.० यांतला फरक फक्त ०.६ मिमीचा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. २६.० चं हँडल २५.४ च्या क्लॅम्पमध्ये जोर लावून घुसवलं की क्लॅम्पचं तोंड फाकतं, बोल्ट वाकडा ताणला जातो आणि ॲल्युमिनियमला केसासारखी भेग पडते. भेग लगेच दिसत नाही. ती काही महिन्यांनी खड्ड्यात दणका बसल्यावर उघडी पडते. उलट, बारीक हँडल मोठ्या क्लॅम्पमध्ये बसवताना पत्र्याच्या डब्याची पट्टी कापून गुंडाळायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते. ब्रेक जोरात लावला की अंगाचा भार हातांवर येतो आणि ते हँडल गरकन पुढे फिरतं. मापाची, एका बाजूला चीर असलेली तयार ॲल्युमिनियमची चकती मिळते तीच वापरा. तीही २५.४ चं हँडल ३१.८ च्या क्लॅम्पमध्ये बसवायला ठीक. २२.२ साठी मात्र दुसरं हँडलच शोधावं.

क्लॅम्प कसा उघडतो तेही बघून ठेवा. काही सायकलींत समोरची टोपी चार किंवा दोन बोल्ट काढून पूर्ण निघते, तिथे कुठल्याही आकाराचं हँडल बसतं. पुष्कळ सायकलींत मात्र क्लॅम्प उघडतच नाही, त्याला एकच बोल्ट किंवा एकच खटका असतो आणि हँडल एका बाजूने सरकवत आत घालावं लागतं. तिथे जास्त वळणांचं किंवा मध्ये ३१.८ मिमी फुगलेलं हँडल जाणारच नाही. दुकानात जाताना सायकल सोबत न्या किंवा निदान क्लॅम्पचे दोन बाजूंनी फोटो न्या.

घडी : कागदावर न दिसणारी अडचण

दांडा कुठल्या बाजूला पडतो त्यावर बरंच ठरतं. काही सायकलींत तो दोन चाकांच्या मध्ये, आत पडतो. काहींत तो बाहेरच्या अंगाला पडतो. आत पडणाऱ्यात जागा मोजकी असते. हँडल उंच किंवा जाड झालं, लिव्हर थोडा जास्त बाहेर आला, तरी दोन चाकं पूर्ण जवळ येत नाहीत आणि एक्सलवरचं चुंबक किंवा पट्टा लागत नाही. मग सायकल उचलली की ती अर्धी उघडते. भुसावळच्या फलाटावर गर्दीत डब्यात चढताना अशी सायकल म्हणजे शेजारच्याच्या नडगीला धोका.

बाहेर पडणाऱ्यात जागा जास्त मिळते, पण हँडलचं टोक आणि लिव्हर उघडे राहतात. एसटीच्या डिकीत दुसऱ्याच्या पोत्याखाली सायकल गेली तर पहिला मार लिव्हरलाच बसतो. म्हणून लिव्हरचा क्लॅम्प थोडा कमी आवळावा. हाताने फिरणार नाही, पण जोरदार धक्का बसला तर तुटण्याऐवजी फिरेल इतकाच.

तपासायची सोपी रीत अशी. जुनं हँडल लावलेलं असतानाच सायकल घडी करा. हँडलच्या दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंत, चाकाच्या आऱ्यांपर्यंत आणि फ्रेमपर्यंत किती जागा उरते ते पट्टीने मोजा. ज्या बाजूला सगळ्यात कमी जागा आहे, तिथे नव्या हँडलमुळे टोक किती सरकेल ते बघा. १० मिमी तरी मोकळे राहिले पाहिजेत. दांडा दुर्बिणीसारखा वर-खाली होणारा असेल तर घडी करताना तो पूर्ण खाली करून मोजा, कारण रोज घडी करताना तो तसाच असणार.

उंची किती

आधी सीट नीट लावा, मग हँडलकडे वळा. पायाची आतली उंची, म्हणजे जांघेपासून तळव्यापर्यंतचं अंतर, गुणिले ०.८८३ केलं की पेडलच्या मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. उंची ५ फूट ५ इंच आणि पायाची आतली उंची ७५ सेंटिमीटर असेल तर हे अंतर साधारण ६६ सेंटिमीटर येतं. सीटचा दांडा मागे झुकलेला असतो, त्यामुळे जमिनीपासून मोजलं तर सीट ९२ सेंटिमीटरच्या आसपास येते. रोजच्या गावातल्या वापरासाठी ग्रिप सीटच्या बरोबरीने किंवा पाच सेंटिमीटरपर्यंत वर, म्हणजे या माणसाला ९२ ते ९७ सेंटिमीटरवर हवी.

आता आपल्याकडचा वारा. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यात पश्चिमेकडून जो वारा सुटतो, तो साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरवतो. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याकडे निघालं की हा वारा सरळ छातीवर येतो. उंच हँडलावर ताठ बसलेला माणूस म्हणजे शिडासारखा. हँडल तीन-चार सेंटिमीटर खाली घेऊन कोपरं वाकवली की फरक लगेच कळतो. दांडा वर-खाली होणारा असेल तर त्यासाठी वेगळं हँडल घ्यायची गरज नाही. गावातली उंची आणि वाऱ्यातली उंची, दोन्हीच्या खुणा पक्क्या शाईच्या पेनने दांड्यावर करून ठेवा. दांड्यावर जी कमाल उंचीची रेघ कोरलेली असते, ती मात्र कधीही बाहेर दिसता कामा नये. ती दिसली म्हणजे आतला नळा पुरेसा आत नाही आणि दांडा क्लॅम्पपाशी वाकू शकतो.

सहा प्रकार

*सरळ हँडल.* सगळ्यात हलकं, सगळ्यात स्वस्त आणि घडीला सगळ्यात सोयीचं. साधं ॲल्युमिनियमचं हँडल काही शे रुपयांत मिळतं. घेताना ते पूर्ण सरळ नळकांडं नको. टोकं ५ ते ९ अंश मागे वळलेली असावीत. पूर्ण सरळ नळ्यावर मनगट बाहेरच्या बाजूला मोडतं आणि अर्ध्या तासात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळहाताच्या कडेने जाणारी नस दाबली जाते. दुकानात मिळणारी एमटीबीची हँडलं ६०० ते ६८० मिमी रुंद असतात. ती कापून वापरता येतात आणि त्यात काही कमीपणा नाही. कापायची रीत पुढे आहे.

*उंच हँडल, इंग्रजी एमसारखं.* मधला भाग खाली आणि दोन्ही टोकं वर. ज्यांचा दांडा कमी-जास्त होत नाही आणि पाठ वाकवणं जमत नाही, त्यांना हे बरं. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला बाजारहाट करायला याच्याइतकं आरामशीर दुसरं नाही. दोन अडचणी आहेत. वळणं असल्यामुळे न उघडणाऱ्या क्लॅम्पमधून ते जाताना त्रास देतं. आणि टोकाकडचा सरळ भाग आखूड असतो. आपल्याकडच्या पुष्कळ घडीच्या सायकलींत उजव्या हाताला मुठीने फिरवायचा गिअर असतो. आखूड ग्रिप ९० मिमी, मग गिअरची फिरती मूठ, मग ब्रेक लिव्हरचा क्लॅम्प, असं मिळून सुमारे १८० ते १९० मिमी सरळ नळा लागतो. हे अंतर न मोजता घेतलं तर लिव्हर वळणावर चढतो आणि तिरका बसतो.

*मागे वळलेलं हँडल.* टोकं १५ पासून ४५ अंशांपर्यंत मागे. आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्या हँडलाचा हात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच आवडेल. तळहात नैसर्गिकपणे शरीराकडे वळलेला राहतो, मनगट दुखत नाही. पण घडीच्या सायकलीत सीट आणि हँडल आधीच जवळ असतात. ४५ अंशांचं हँडल लावलं की ग्रिप आणखी जवळ येतात, गुडघे वळणावर हँडलला लागतात आणि हात दांड्याच्या मागे गेल्यामुळे सायकल नौकेच्या वल्ह्यासारखी वळवावी लागते. २० अंशांच्या पुढे जाऊ नये. ज्याला संधी मिळेल त्याने हा १५ अंशांच्या आसपासचा प्रकार जरूर घ्यावा. मनगटासाठी तो सरळ हँडलपेक्षा चांगला आहे आणि घडीत तेवढाच मावतो.

*फुलपाखरू हँडल.* इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखं वळण घेणारं, लांब पल्ल्यासाठी वापरलं जाणारं. हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात हे खरं. पण वजन जास्त, घडीत नको तिथे येणारं, आणि पुढच्या पकडीत हात असताना ब्रेक लांब राहतात. चाळीसगावहून कन्नडच्या घाटात किंवा तोरणमाळच्या उतारावर ब्रेकवरून बोटं काढणं परवडत नाही. घडीच्या सायकलीला हे नको.

*ड्रॉप आणि शिंगांसारखं पुढे गेलेलं हँडल.* दिसायला देखणं, वाऱ्यात उपयोगी. पण हा बदल फक्त हँडलाचा राहत नाही. ड्रॉप हँडलाचे नेहमीचे ब्रेक लिव्हर कमी वायर ओढतात, तर व्ही ब्रेकला (रिमच्या दोन्ही बाजूंना लांब उभे हात असलेल्या ब्रेकला) जास्त ओढ लागते. जोडी जमली नाही की लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक पुरता लागत नाही. मग आखूड, ८० ते ८५ मिमी हातांचे मिनी-व्ही ब्रेक घ्या किंवा व्ही ब्रेकसाठी बनवलेले खास ड्रॉप लिव्हर शोधा. वर शिफ्टर नवे, वायर नव्या. हँडलच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च, आणि पुढे झुकून ओढल्यामुळे लांब दांड्यावर ताण वेगळाच. रोज पन्नास किलोमीटर चालवणाऱ्याने विचार करावा, बाकीच्यांनी नाही. शिंगांसारखं हँडल हवंच असेल तर सरळ हँडलच्या टोकांना आखूड बार-एंड लावा, ७० ते ९० मिमीचे. तेवढ्याने हाताला दुसरी जागा मिळते. घडी मात्र पुन्हा तपासा.

*दोन्ही बाजूंनी दुमडणारं हँडल.* प्रत्येक अर्ध्याला बिजागरी आणि खटका. घडी खूप अरुंद होते, कारच्या डिकीत सायकल उभी मावते, म्हणून ते मोहात पाडतं. याबद्दल स्पष्ट मत : घेऊ नका. आधीच दांड्याला एक बिजागरी आहे, तीत आणखी दोन सांध्यांची भर पडते. काळ्या मातीची बारीक धूळ या सांध्यांत शिरते, पावसात तीच धूळ चिखल होऊन खटक्यात घट्ट बसते आणि खटका पूर्ण बसलाय असं वाटूनही तो अर्धाच बसलेला असतो. चालवताना एक बाजू सैल झाली तर दुसऱ्या हाताने सायकल सावरणं जवळजवळ अशक्य आहे.

उंच माणसांसाठी एक जोडणी उल्लेखावी अशी आहे. दांड्याच्या माथ्यावर बसून हँडलला चार-पाच सेंटिमीटर पुढे नेणारा जोड मिळतो. ५ फूट १० इंचांच्या पुढच्यांना गुडघा-हँडल टक्कर टाळायला त्याचा फायदा होतो. मात्र क्लॅम्प दोन होतात, दोन्ही नियमित तपासावे लागतात, आणि आत पडणाऱ्या दांड्यात बहुधा घडी बिघडते.

धातूबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियम घ्या. लोखंडी हँडल चालतं, पण जड. कार्बन घडीच्या सायकलीवर नको. एकाच बोल्टचा क्लॅम्प त्याला एका रेषेत चावतो आणि डब्यात, डिकीत बसणारे ठोके तो सहन करत नाही.

ग्रिप : खरा आराम इथे आहे

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. बाहेर उन्हात उभ्या केलेल्या सायकलची ग्रिप हाताला चटका देते. त्यातही स्वस्त मऊ रबरी ग्रिप एक-दोन उन्हाळ्यांत चिकट होते. आधी तळहाताला काळं लागतं, मग धूळ चिकटून खरखरीत थर बसतो. धुऊन ते जात नाही, कारण रबर मऊ ठेवणारं तेलकट द्रव्यच वर आलेलं असतं. स्पंजची ग्रिप घाम पिते आणि उन्हाने भुसभुशीत होते. सिलिकॉनची ग्रिप उन्हात टिकते, चिकट होत नाही, हाताला गादीसारखी लागते. ती आपल्याकडे सगळ्यात योग्य. तिचा एकच दोष, ती बोल्टने आवळली जात नाही, त्यामुळे नीट सुकवून बसवली नाही तर फिरते.

तळहाताला आधार देणारी, मागे पंख्यासारखी पसरट ग्रिप मिळते. बधिर होणाऱ्या करंगळीवर हा चांगला उपाय आहे. ती बोल्टने आवळायची असावी, कारण तिचा कोन जरासा चुकला तरी मनगट उलट मोडतं. घडीत तिचा पंखा फ्रेमला लागतो का ते बघा. हा पंखा घडी अडवणारं नवं टोक ठरू शकतो.

मुठीने फिरवायचा गिअर असेल तर उजवीकडे ९० मिमीची आणि डावीकडे १३० मिमीची ग्रिप लागते. दुकानदार दोन्ही १३० च्या देतात आणि उजवीकडची सुरीने कापून बसवतात. कापलेली कड गिअरला घासते आणि गिअर जड फिरतो. आखूड-लांब अशी जोडीच मागा.

बदलण्याची रीत

जुन्या हँडलाचे चारी बाजूंनी फोटो काढा, लिव्हर किती अंशांनी खाली झुकले आहेत तेही त्यात दिसू द्या. ग्रिप काढायला हँडल आणि ग्रिपच्या फटीत पातळ आरा सरकवून थोडं सॅनिटायझर सोडा आणि पिळा. लिव्हर, गिअर, घंटी यांचे बोल्ट ४ किंवा ५ मिमीच्या ॲलन कीने सैल करा. वायर न काढताच ते सरकवून बाहेर येतात.

हँडल कापायचं असेल तर आधी पूर्ण रुंदीचंच बसवून दोन दिवस चालवा. मग दोन्ही टोकांना सारखी, एका वेळी १० मिमीपेक्षा जास्त नाही, अशी खूण करा. पाइप कटर चांगला. हॅकसॉ वापरायचा तर इंचाला ३२ दातांची बारीक पाती घ्या आणि खुणेवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे काप सरळ येतो. आतली-बाहेरची कड कानसीने घासून घ्या, नाहीतर ग्रिप चढवताना आतून कापली जाते. टोकांत बुचं घालायला विसरू नका. उघडा नळा पडताना मांडीत घुसतो. डब्यात दुसऱ्याच्या पिशवीला भोक पडतं ते वेगळंच.

बसवताना क्लॅम्पचा आतला भाग आणि हँडल कोरड्या फडक्याने पुसा. हँडल मधोमध आणा, मध्यरेषेपासून दोन्ही टोकं पट्टीने मोजा. एम ५ च्या, म्हणजे ५ मिमी जाड, बोल्टांना आवळायचा जोर साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर, पण दांड्यावर आकडा छापलेला असेल तर तोच पाळा. चार बोल्ट असतील तर कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे आवळा, वरची-खालची फट सारखी राहिली पाहिजे. मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल खाली दाबा. ते फिरलं तर बोल्ट कमी पडलाय किंवा जाडी चुकली आहे. लिव्हर ३० ते ४५ अंश खाली झुकवा, म्हणजे बोटं, मनगट आणि कोपर एका रेषेत येतात.

आता वायर. हँडल खाली आणलं असेल तर वायरचे वेढे सैल पडतात आणि घडीत चाकात किंवा बिजागरीत चेपतात. वर नेलं असेल तर उलट होतं. दांडा पूर्ण वर, हँडल पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे फिरवा. ताणल्यामुळे ब्रेक आपोआप लागत असेल किंवा गिअर बदलत असेल तर वायर आखूड आहे, ती बदलावीच लागेल. ब्रेकच्या वायरचं आउटर, म्हणजे वरचं आवरण, साधारण ५ मिमी जाड आणि आतून स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. गिअरचं आउटर ४ मिमीचं आणि आतून उभ्या तारांचं. गिअरचं आउटर ब्रेकला कधीही लावू नये. जोरात ब्रेक लावला तर त्याच्या उभ्या तारा फाकतात आणि ब्रेक अचानक जातो. दोन्ही काळी दिसत असल्यामुळे ही चूक गॅरेजमध्ये होते, म्हणून कापलेलं टोक स्वतः बघून घ्या.

सगळं झालं की सायकल दहा वेळा उघडा-मिटा. एकदा दांड्याच्या खटक्यावर लक्ष ठेवा. खटका शेवटच्या अर्ध्या भागात तळहाताने जोर लावून बसला पाहिजे. एका बोटाने बसत असेल तर सैल आहे, दोन्ही हातांनी रेटावा लागत असेल तर जास्त ताठ. बिजागरीशेजारचा छोटा बोल्ट एकावेळी फेरीच्या आठव्या भागाइतका फिरवून तो जुळवतात.

ब्रॉम्प्टनवाल्यांसाठी

ब्रॉम्प्टनची हँडलं तीन उंचींत येतात : लो, मिड आणि हाय, जुन्या नावांनी एस, एम आणि एच. एम ही एसपेक्षा साधारण ८ सेंटिमीटर उंच, आणि एच ही एमपेक्षा सुमारे ६ सेंटिमीटर. इथे उंची फक्त हँडल बदलून ठरत नाही. हँडल, त्याचा दांडा आणि वायरची लांबी हे तिन्ही एकमेकांशी बांधलेले आहेत. एमच्या दांड्यावर सरळ हँडल बसवलं तर उंची एसइतकी होईल हे गृहीत धरू नका. खरेदीआधी आपल्या दांड्याची लांबी मोजा. क्लॅम्प न उघडणारा आहे, त्यामुळे बाहेरचं हँडल २५.४ मिमीचं आणि सौम्य वळणांचंच हवं. हँडल फिरवून त्याचा कोन बदलताना एक-दोन अंशांनीही घडी बिघडते, कारण खाली पडल्यावर हँडल नेमक्या जागी येऊन बसतं. एस घेणाऱ्यांनी पुढची पिशवी आधी बघावी, उंच पिशवी या हँडलला आणि वायरना लागते. गावातल्या वापराला मिड पुरेसं आहे. ज्यांची सीट खूप वर जाते त्यांनीच हाय बघावं.

बसवल्यानंतर

पहिले ५० ते १०० किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या. नवे भाग बसतात आणि थोडे सैल होतात. दर दोन महिन्यांनी क्लॅम्पच्या दोन्ही कडांना फडकं फिरवा. फडक्याचा धागा अडकला तर तिथे चीर असू शकते, बॅटरीच्या उजेडात नीट बघा. पडल्यावर ॲल्युमिनियमचं हँडल वाकलं तर ते ठोकून सरळ करू नका. लोखंडी हँडल ठोकून सरळ होतं, ॲल्युमिनियम त्याच जागी नंतर तुटतं. दांड्याच्या बिजागरीला चीर गेली तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, पूर्ण दांडा बदला. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आल्यावर बिजागरीतला काळा चिखल ओला असतानाच जुन्या टूथब्रशने काढा. तो वाळला की सिमेंटसारखा धरतो आणि मग काढताना खटक्याच्या कडा झिजतात.